कमी खर्चात जपान: टोकियो, ओकायामा आणि ओसाकाच्या बारा रात्रींचा हिशोब

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो असतो. तळं, छोटा पूल, कापून गोल केलेली झुडपं. ही बाग ज्या बागेवरून बेतली, ती जपानमध्ये ओकायामा नावाच्या शहरात आहे. त्या मूळ बागेचं नाव कोराकुएन. इकेदा घराण्याच्या सरदाराने बांधायला घेतलेली ही बाग १७०० मध्ये पूर्ण झाली. पुणे आणि ओकायामा ही मैत्री शहरं आहेत, म्हणून ती आपल्याकडे आली.

आम्ही दोघं केवळ कुतूहलापोटी ओकायामाला एक रात्र राहायला गेलो आणि चार रात्री राहिलो. परत आल्यावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की आमची सहल स्वस्तात पडली ती या मुक्कामामुळे. जपानमध्ये झोपायला आणि खायला तेवढे पैसे लागत नाहीत, जेवढे एका शहरातून दुसऱ्या शहरात उड्या मारायला लागतात. टोकियो, हाकोने, क्योतो, हिरोशिमा, ओसाका, परत टोकियो अशी दहा दिवसांत भोवरी घातली की खिसा रिकामा होणारच. म्हणून खालचा सगळा बेत तीन मुक्कामांवर उभा आहे: टोकियोत चार रात्री, एक रात्र गाडीत, ओकायामात चार आणि ओसाकात तीन.

आकडे येनमध्ये देत आहे. १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरा. येनचा आकडा निम्मा करायचा आणि वर थोडं टाकायचं, एवढं गणित दुकानात पुरतं. भाडी आणि दर दरवर्षी थोडे सरकतात, तेव्हा पैसे भरण्याआधी चालू दर एकदा पाहून घ्या.

आधी तारखा, मग तिकीट

आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी लागली की लोक निघतात आणि नेमके जपानच्या गोल्डन वीकमध्ये सापडतात. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे सलग सुट्ट्या असतात, सगळा देश प्रवासाला निघतो आणि हॉटेलांचे दर चढतात. तीच गत ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पितरांच्या सणात आणि नव्या वर्षाच्या आठवड्यात. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, पानांचे रंग क्योतोकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दोन्ही सुंदर, दोन्ही महाग.

मला विचाराल तर मेचा दुसरा पंधरवडा. गर्दी ओसरलेली, हवा सुखाची, भातखाचरांत नुकतं पाणी सोडलेलं. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, सप्टेंबर वादळांचा. थंडी चालत असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी सगळ्यात स्वस्त.

तिकीट काढताना जाण्यायेण्याचं एकाच शहराचं काढू नका. टोकियोत उतरायचं आणि ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून परतायचं. वेबसाइटवर 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो, त्यात हे बसतं. यामुळे टोकियोला परत येण्याचा साधारण चौदा हजार येनचा गाडीखर्च वाचतो. मुंबईहून बँकॉक, क्वालालंपूर किंवा व्हिएतनाममार्गे जाणारी विमानं सहसा थेट विमानापेक्षा बरीच स्वस्त मिळतात. फक्त सामानाचं वजन तिकिटात धरलंय का ते नीट वाचा.

व्हिसाचा कागद म्हणजेच तुमचा आराखडा

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो, पण अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातूनच जातो. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, विमानाचं आरक्षण आणि दिवसवार कार्यक्रम लागतो. कोणत्या तारखेला कुठे, रात्री मुक्काम कुठे, असा तक्ता. बरेच जण तो एजंटकडून भरून घेतात. तो स्वतः भरा. तेरा ओळी लिहिताना तुम्हालाच दिसतं की आपण रोज बॅग उचलतोय का. विनामूल्य रद्द करता येणारी हॉटेलं आरक्षित करून अर्ज करा म्हणजे पुढे बदल करता येतात.

रेल्वे: जुने सल्ले विसरा

इंटरनेटवर आजही सापडणारे तीन सल्ले आता चालत नाहीत.

पहिला, 'जेआर पास घ्याच'. जेआर म्हणजे जपान रेल्वे. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर चालणाऱ्या सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो शिनकानसेन (बुलेट ट्रेन) एका बाजूने साधारण १४,००० येन. म्हणजे जाऊन येऊन २८,००० होतात आणि पास ५०,००० चा. ज्याला आठवड्यात देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचंय त्यालाच तो परवडेल.

दुसरा, 'सेइशुन जुहाची किप्पु' हे साध्या गाड्यांचं हंगामी तिकीट. पूर्वी त्यातले पाच दिवस सुटे सुटे वापरता येत, एका तिकिटावर दोघा-तिघांना जाता येई. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते एकाच माणसासाठी आणि सलग दिवसांचं झालं, तीन दिवसांचं १०,००० येन आणि पाच दिवसांचं १२,०५० येन. विद्यार्थी असाल, वेळ भरपूर असेल, तर टोकियो ते ओसाका नऊ तास गाड्या बदलत जाण्यात मजा आहे. पन्नाशीच्या गुडघ्यांना नाही.

तिसरा, क्योतोच्या बसचा दिवसभराचा पास. तो बंद झाला.

मग घ्यायचं काय? प्रादेशिक पास. या बेतासाठी जेआर वेस्टचा 'कानसाई-हिरोशिमा एरिया पास', सलग पाच दिवस, १७,००० येन. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकानसेन (वेगवान नोझोमीसुद्धा), ओकायामा, हिमेजी, ताकामात्सु, क्योतो आणि नाराच्या जेआर गाड्या, शिवाय मियाजिमा बेटाची जेआर फेरीबोट एवढं सगळं येतं. एक मेख आहे: क्योतो ते शिन-ओसाका शिनकानसेन त्यात नाही, कारण तो पट्टा दुसऱ्या जेआर कंपनीचा. तिथे साध्या लोहमार्गावरची 'शिनकाइसोकु' घ्यायची. अर्ध्या तासात पोहोचवते आणि पासात बसते.

हा पास ओकायामात आल्या आल्या सुरू करू नका. पहिले दोन दिवस तिथे जवळपासच फिरायचंय, त्याला सुटी तिकिटं पुरतात. पाच दिवस सलग मोजले जातात, तेव्हा ते लांबच्या दिवसांवर खर्च करा.

टोकियोतले चार दिवस

नारिता विमानतळावरून शहरात यायला स्कायलायनर झटपट आहे, पण निम्म्या पैशांत केइसेई कंपनीचीच अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस किंवा १,५०० येनची बस येते. हानेदाला उतरलात तर प्रश्नच नाही, शिनागावापर्यंत केइक्यु लाइनने साडेतीनशे येनच्या आत.

विमानतळावरच सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या. आपल्या मेट्रो कार्डासारखं पैसे भरून वापरायचं. देशातल्या बहुतेक शहरांत तेच कार्ड चालतं, बसमध्ये, लॉकरला, दुकानातही. मात्र या कार्डावर टोकियोच्या हद्दीत आत शिरून थेट ओसाकाच्या हद्दीत बाहेर पडता येत नाही. लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट.

टोकियोत भुयारी रेल्वेच्या दोन कंपन्या आहेत, टोकियो मेट्रो आणि तोएइ. वरून धावणारी यामानोते लाइन जेआरची. पर्यटकांसाठी २४, ४८ आणि ७२ तासांचं 'टोकियो सबवे तिकीट' मिळतं, ते पहिल्या दोन्हींवर चालतं, जेआरवर नाही. तास मोजले जातात, दिवस नाहीत. दुपारी दोनला पहिल्यांदा वापरलंत तर २४ तासांचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतं. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवून वापरलं तर एक तिकीट दोन दिवसांच्या फिरण्याला पुरतं.

राहायला आसाकुसा, उएनो, कुरामाए, मिनोवा हा पूर्वेकडचा पट्टा पाहा. शिंजुकु-शिबुयाला राहण्यात रात्रीची रोषणाई सोडली तर काही मिळत नाही. हॉस्टेलमधली खाट साधारण ३,५०० ते ४,५०० येन. दोघं असाल तर बिझनेस हॉटेलची छोटी खोली माणशी जवळपास तेवढ्यातच पडते. 'सेमी-डबल' लिहिलं असेल तर पलंग जेमतेम सव्वा मीटर रुंद असतो. नवरा-बायकोचं पटत असेल तरच घ्या. शनिवारची रात्र सगळीकडे महाग, तेव्हा शनिवारी मोठ्या शहरात नवा मुक्काम धरू नका.

बघायचं बरंचसं फुकट आहे. आसाकुसाचं सेन्सोजी मंदिर, मेइजी जिंगु हे देवस्थान आणि त्याभोवतीचं रान, राजवाड्याची पूर्व बाग (सोमवार आणि शुक्रवार बंद), यानाकाची जुनी गल्लीवस्ती. उंचावरून शहर बघायला स्कायट्रीला पैसे मोजण्याऐवजी शिंजुकुतल्या महानगर सरकारच्या इमारतीत पंचेचाळिसाव्या मजल्यावर जा. २०२ मीटर उंची, प्रवेश फुकट, हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. एक दिवस कामाकुराला द्या, जेआरने तासाभरात. तिथला उघड्यावरचा कांस्य बुद्ध तेराव्या शतकातला, प्रवेश ३०० येन.

मराठी कानाला ओळखीचे शब्द ऐकायचे असतील तर एडोगावा भागातलं निशी-कासाई. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, किराणाही मिळतो. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये या एडोगावाच्या नगरसभेवर निवडून आले होते. सहलीला आलेल्याने मुद्दाम जावं असं तिथे काही नाही, पण डाळ-मसाल्याची नड भासली तर पत्ता माहीत असावा.

गाडीत झोपून ओकायामा

टोकियोहून ओकायामाला शिनकानसेनने सव्वातीन तास आणि सतरा हजारांच्या वर येन लागतात. रात्रीची बस सहा ते दहा हजारांत मिळते, दहा-अकरा तास बसून. आम्ही मधली वाट घेतली: सनराइज सेतो-इझुमो. जपानमध्ये रोज धावणारी ही शेवटची शयनगाडी. टोकियोहून रात्री ९:५० ला सुटते, ओकायामाला सकाळी ६:२७ ला पोहोचते. तिथे गाडीचे दोन तुकडे होतात, एक ताकामात्सुला, दुसरा इझुमोकडे. डबे वेगळे करताना बघायला जपानी मंडळी मोबाइल काढून फलाटावर उभी असतात.

हिच्यात 'नोबिनोबि' नावाच्या जागा असतात. दोन थरांत गालिचा अंथरलेली सपाट फळी, डोक्याशी छोटा आडोसा, एक पातळ चादर. गादी नाही, उशी नाही. स्लीपर क्लासची सवय असलेल्या आपल्या माणसाला ही चैन वाटते. शयनभाडं वेगळं लागत नसल्याने साधारण साडेचौदा हजार येनमध्ये काम होतं आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. आरक्षण बरोबर एक महिना आधी जपानच्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपले साडेसहा. जेआर वेस्टच्या वेबसाइटवर परदेशी कार्ड चालतं. या जागा फार लवकर संपतात, तेव्हा गजर लावून बसा. नाही मिळालं तर बस. गाडीत जेवण मिळत नाही, डबा टोकियोतच घ्या.

ओकायामा: इथे पैसे वाचतात

ओकायामा स्थानकाबाहेर बिझनेस हॉटेलांची रांगच आहे. दोघांची खोली आठ-नऊ हजारांत मिळते, काही साखळी हॉटेलांत नाश्ताही त्यातच. पहाटे पोहोचाल, खोली दुपारी तीनला मिळेल. बॅगा मात्र हॉटेलवाले विनातक्रार ठेवून घेतात, लॉकरला पाचशे-सातशे येन घालू नका.

पहिला दिवस कोराकुएन. ट्रामचं भाडं दीडशे येनच्या आत, चालत पंचवीस मिनिटं. पुण्याची बाग डोळ्यांसमोर ठेवून आत शिरलात की आधी आकार अंगावर येतो. हिरवळीचं मैदान, चहाचे वाफे, आणि मागे नदीपलीकडे काळा किल्ला, ज्याला तिथले लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात. आमच्या शेजारच्या बाकावरच्या आजोबांना 'पुणे' एवढं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. कळलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी कुराशिकी, गाडीने पंधरा-सतरा मिनिटं, ३३० येन. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी वखारवस्ती, फिरायला काही लागत नाही. दिवसभराच्या पर्यटकांच्या बस पाचनंतर निघून गेल्या की खरी बघण्यासारखी.

दुसरा दिवस सायकलचा, आणि हा दिवस चुकवू नका. ओकायामाहून मोमोतारो लाइनच्या दोन-तीन डब्यांच्या गाडीने बिझेन-इचिनोमिया, तिथे स्थानकाजवळ सायकल भाड्याने घ्यायची, सुमारे हजार येन, आणि पंधरा-सोळा किलोमीटरवर सोजा स्थानकापाशी सोडून द्यायची. मधला रस्ता किबी मैदानातला, जवळजवळ सपाट, भातशेतीतून. वाटेत किबित्सु देऊळ लागतं, त्याची लाकडी छताची पडवी टेकडीच्या उताराबरोबर साडेतीनशे मीटरहून अधिक लांब वाहत गेली आहे. पुढे त्सुकुरियामा कोफुन. दिसायला झाडं उगवलेली टेकडी, पण हे पाचव्या शतकातलं मातीचं राजथडगं आहे, लांबी ३५० मीटर, देशातलं चौथं मोठं आणि त्यावर चढायला कोणी अडवत नाही. मग शेतांच्या मधोमध बित्चू कोकुबुनजीचा पाच मजली पॅगोडा. आम्ही त्याच्यासमोर बांधावर बसून ठेपले खाल्ले.

या वाटेवर खाण्याची दुकानं जवळपास नाहीत, डबा हवाच. पावसात सायकली देत नाहीत. डावीकडून चालवायचं, ते आपल्याला जमतं. पण छत्री धरून किंवा मोबाइल बघत चालवणं हा गुन्हा आहे, दंड होतो.

तिसऱ्या दिवशी पास सुरू करा आणि हिरोशिमा. शिनकानसेनने पाऊण तासाच्या आत. शांतता स्मारक संग्रहालयाचं तिकीट २०० येन, सकाळी उघडताच आत जा. दुपारी मियाजिमा. बोट पासात आहे, फक्त १०० येनचा प्रवेशकर वेगळा द्यावा लागतो.

चौथा दिवस ताकामात्सु. मरीन लायनर ही गाडी १९८८ मध्ये खुल्या झालेल्या सेतो पुलावरून समुद्र ओलांडते. रुळांच्या वर मोटारींचा रस्ता, खाली बेटं. खिडकीजवळ बसा. हा उदोनचा, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचा मुलूख, साध्या दुकानांत तीन-चारशे येनमध्ये पोट भरतं. दुकानं सकाळी उघडतात आणि दुपारी दोन-तीनला माल संपला की बंद. कलेची आवड असेल तर ताकामात्सुऐवजी नाओशिमा बेट, उनो बंदरातून वीस मिनिटांची बोट, ३०० येन. यायोई कुसामा या कलावतीचे दोन्ही भोपळे, म्हणजे भोपळ्याची शिल्पं, फुकट बघता येतात. पिवळा भोपळा ऑगस्ट २०२१ मध्ये वादळात वाहून गेला होता, पुढच्या वर्षी नवा बसवला. सोमवारी जाऊ नका, संग्रहालयं बंद असतात.

खेड्यातल्या बसची रीत

शहरापासून लांब गेलात की हे कामाला येतं. बसमध्ये बहुधा मागच्या दाराने चढायचं, तिथल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकावर त्या नंबराखाली भाडं वाढत जातं. उतरताना पुढे येऊन चिठ्ठी आणि पैसे पेटीत टाकायचे. पेटी सुटे परत देत नाही, शेजारच्या फटीत आधी हजाराची नोट मोडून घ्यायची. मोठ्या नोटा नकोतच. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, त्या घेत नाहीत अशी जुनी यंत्रं अजून सापडतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघा, फोटो काढा. पुष्कळदा ती पाच-सहालाच असते. आमची एकदा चुकली, आणि टॅक्सीला दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे गेले.

मिंशुकुत, म्हणजे घरगुती पाहुणघरात, एक रात्र राहायची हौस असेल तर दोन जेवणांसह माणशी नऊ-दहा हजार धरा. शाकाहारी असाल तर 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय राहणं, निवडा. माशावाचून स्वयंपाक कसा करायचा या काळजीने त्या यजमानीणबाईंची झोप उडते, आणि आपणही उपाशी राहतो.

पोटोबा

मांसाहारींना जपान स्वस्तच आहे. योशिनोया, माट्सुया, सुकियासारख्या ठिकाणी पाचशे येनच्या आसपास वाडगाभर भात मिळतो. बीफ चालत नसेल तर पोर्क किंवा चिकनचा प्रकार बघा. दुपारचं 'तेइशोकु' ताट आठशे-हजारात. तेच हॉटेल रात्री दीडपट घेतं, म्हणून मोठं जेवण दुपारी करा. दाराशी तिकिटाचं यंत्र असेल तर आधी पैसे, मग खुर्ची. पाणी, बहुधा चहाही, फुकट. टीप कुठेही द्यायची नाही. इझाकायात, म्हणजे तिथल्या पिण्या-खाण्याच्या अड्ड्यात, बसलात की न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. ती लूट नाही, तिथली रीत आहे.

शाकाहारींची गोष्ट वेगळी. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. सुक्या माशाचा हा अर्क मिसो सूपमध्ये, उदोनच्या रश्श्यात, भाजीच्या शिजवणीत, सगळीकडे असतो. 'व्हेज' विचारलं तर लोक मनापासून हो म्हणतात, कारण त्यांच्या मते रश्श्यात मासा 'नाही'. मोबाइलवर जपानीत लिहून ठेवा: मांस, मासे, दाशी नको. बोलायचं तर 'निकु नाशी, साकाना नाशी, दाशी मो नाशी दे, ओनेगाइशिमास.' अंडं चालतं का तेही लिहा.

रोजचा आधार म्हणजे कोम्बिनी (कन्व्हिनियन्स स्टोअर) आणि सुपरमार्केट. मीठ लावलेली किंवा उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, दीडशे-दोनशे येन, उकडलेली अंडी, टोफू, केळी, एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा). आंपान नावाच्या पावात अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण असतं, आपल्या पुरणाचं चुलत भावंडच. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी भाजलेलं रताळं मिळतं, दोन-तीनशे येनला एक. एकादशी निभावते. शिजलेल्या भाताची डबी घेऊन दुकानातल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची आणि वर घरचं मेतकूट-तूप. हॉटेलच्या खोलीत बसून खाल्लेला तो मेतकूट-भात मला अजून आठवतो. बहुतेक शहरांत भारतीय-नेपाळी हॉटेलं आहेत, दुपारचं नान-करीचं ताट हजाराच्या आसपास आणि नान पुष्कळदा हवे तेवढे. टोकियो स्थानकात टीज तानतान हे पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे, रामेन चाखायचीच असेल तर तिथे.

संध्याकाळी सात-आठनंतर सुपरमार्केटात तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागायला सुरुवात होते. आधी वीस टक्के, मग तीस, आणि शेवटी 'हानगाकु', निम्मी किंमत. स्टिकर लावणाऱ्याच्या मागे जपानी आज्यादेखील सावकाश फिरत असतात. घाई न करता त्यांच्यासारखं फिरा. फळीवर मोठ्या अक्षरांतली किंमत कराशिवायची असते, खरी तिच्याखाली बारीक. घरी न्यायच्या खाण्यावर ८ टक्के कर, दुकानात बसून खाल्लं तर १० टक्के.

भारतातून नेताना: चिवडा, ठेपले, लाडू, मेतकूट चालतं. ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, मांसाचे कोणतेही पदार्थ नको. औषधांचंही बघा. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना जपानमध्ये बंदी आहे.

ओसाकात राहून क्योतो

पाचव्या दिवशी ओकायामाहून ओसाकाकडे येताना हिमेजीला उतरा, बॅगा लॉकरमध्ये. किल्ला स्थानकातून समोर दिसतो. मार्च २०२६ पासून बाहेरच्या प्रौढांना आत जायला २,५०० येन लागतात, आधी १,००० होते. मी आतल्या जिन्यांपेक्षा समोरच्या मैदानातून बघणं पसंत करेन, ते फुकट आहे.

क्योतोतली हॉटेलं महाग आणि बस खचाखच. ओसाकात शिन-इमामिया भागात स्वस्त खोल्या आहेत, वस्ती जरा कळकट, पण गाड्या सोयीच्या. पासाचे उरलेले दोन दिवस क्योतो आणि नाराला द्या. क्योतोत बसच्या वाटेला न जाता जेआर धरायची: फुशिमी इनारी नारा लाइनवर क्योतोहून पाच मिनिटं, देऊळ स्थानकाच्या समोरच, चोवीस तास उघडं, फुकट. सकाळी साडेसहाला गेलात तर लाल कमानी तुमच्या एकट्याच्या. आराशियामाला सागानो लाइन. बाकी पायी, आणि अगदीच लागली तर २३० येनची बस. नारात हरणं आणि बाग फुकट, तोदाइजीच्या मोठ्या बुद्धाला ८०० येन.

परतीच्या दिवशी पास संपलेला असतो. नाम्बाहून नानकाईची साधी एअरपोर्ट एक्स्प्रेस, ९७० येन, पाऊण तास.

पैसे, बॅगा आणि किरकोळ

सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. आमच्यातल्या एकाचं कार्ड तिथे पोहोचल्यावर बंद पडलं आणि बँकेच्या फोनवर संगीत ऐकण्यात अर्धा तास गेला. दहा-पंधरा हजार येन रोख नेहमी जवळ हवेत.

बॅग लहान ठेवा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर या मार्गावरच्या शिनकानसेनमध्ये तिच्यासाठी खास आसन आधी आरक्षित करावं लागतं. कपडे धुवायला हॉटेलात नाण्यांची यंत्रं असतात, चार जोड पुष्कळ झाले. प्लगला दोन चपट्या पट्ट्या लागतात, वीज १०० व्होल्टची. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, एक पिशवी खिशात ठेवा. थकवा घालवायला मोहल्ल्यातलं सेन्तो, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, टोकियोत ५५० येन. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच हौदात उतरायचं, आणि कपडे अजिबात नाहीत. पहिली पाच मिनिटं संकोच वाटतो.

माणशी हिशोब असा येतो: अकरा रात्रींचं राहणं ४४,००० येन, तेरा दिवसांचं खाणं ३०,०००, पास १७,०००, सनराइज १४,५००, शहरातला प्रवास आणि सुटी तिकिटं १२,०००, प्रवेशशुल्क ७,०००, लॉकर-न्हाणी-धुणं-चहापाणी ८,०००. मिळून १,३२,५०० येन, म्हणजे सुमारे पाऊण लाख रुपये. विमानाचं तिकीट आणि व्हिसा वेगळा. हिमेजीच्या किल्ल्यात आतून जायचं असेल तर वरचे अडीच हजार प्रवेशशुल्कातच बसतात. बसत नाही ती खरेदी, आणि कुराशिकीतल्या डेनिमच्या दुकानात तुम्ही काय कराल ते मी सांगू शकत नाही.